सैनिकी शाळेतला चित्रकलेचा तास : जून ते सप्टेंबरच्या नोंदी

२० जून

कमांडंट सरांना भेटून आले. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, राज्य सरकारच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यात ज्या निवासी सैनिकी शाळा निघाल्या त्यातलीच एक, स्टेट बोर्ड, सगळी मुलं होस्टेलला. कलाशिक्षक रिटायर होऊन बराच काळ झाला, जागा काही भरली नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एका सत्रापुरतं मला आणलंय. अपेक्षा दोन. आठवी-नववीची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांना बसवायची, आणि मेसच्या बाहेरच्या भिंतीवर "काहीतरी जोशपूर्ण" काढून द्यायचं, १५ ऑगस्टच्या आत.

ग्रेड परीक्षेचं कारण उघड आहे. इंटरमिजिएटला ए आली की दहावीला ७ मार्क जादा, बी ला ५, सी ला ३. पालक एवढंच विचारतात.

सर निवृत्त मेजर, बोलणं एकदम सरळ. "मॅडम, आमचं टार्गेट एनडीए. त्याला मदत झाली तर तुमचं काम भारी, नाही झाली तरी मुलांना बरं वाटेल." त्यांच्या केबिनमध्ये एनडीएचा, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाचा, हिशोब फ्रेम करून लावलाय, गणित ३००, जनरल अ‍ॅबिलिटी ६००, आणि लेखी निघाली की एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतीचे, ९००. यात चित्रकला कुठेच नाही हे मलाही दिसतंय. पण तो ९०० चा आकडा लक्षात ठेवलाय.

तास मिळालाय दुपारच्या जेवणानंतरचा. पहाटे पीटी झालेली, सकाळभर वर्ग झालेले, वर डाळभात. पेंगणार नाहीत तर काय करतील.

२४ जून

सातवी. पहिल्याच दिवशी म्हटलं काहीही काढा. रणगाडे, सुखोई, तिरंगा, महाराज घोड्यावर, परत रणगाडे. वाईट काढलेत असं नाही, पण सगळ्यांनी एकाच पुस्तकातनं काढल्यासारखे, आणि प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी. एकाने तर झेंड्याची लहरणारी बाजूसुद्धा पट्टीने मारली होती, आता याला काय बोलायचं.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. मी बाकाजवळ गेले की मुलगा ताडकन उभा राहतो, पेन्सिल खाली, हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. म्हणजे मी चित्र बघायला गेले की चित्र थांबतं. चाळीस मुलांच्या वर्गात मी फिरत राहिले तर कुणाचंच काम होत नाही. बस म्हटलं तर बसतात, पुढच्या बाकाकडे वळले की तिकडचा उभा.

२६ जून

सैनिकी निदेशकांना जाऊन विनंती केली की या एका खोलीत उभं राहायची सूट द्या. हे आर्मीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मुलं त्यांना उस्ताद म्हणतात, मी हवालदारसाहेब म्हणते. त्यांना पटलं नाही पटलं कळलं नाही, पण संध्याकाळच्या रोल कॉलला त्यांनी ऑर्डर काढली, "ड्रॉइंग रूम में मॅडम के आने पर कोई खड़ा नहीं होगा." आता बसणं हीच ऑर्डर झाली, मुलांची सुटका झाली. इथे सवलतसुद्धा हुकूम म्हणून द्यावी लागते.

३ जुलै

पेन्सिलींचा प्रश्न. शार्पनरने टोक काढलेली पेन्सिल छायाभेदाला कामाची नाही, लांब शिसं काढायचं तर कटर पाहिजे, आणि होस्टेलमध्ये ब्लेड-कटर सापडलं तर थेट शिक्षा. नियम बरोबरच आहे, त्यावर वाद घालायचा नाही. मग असं ठरलं की कटर माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत कुलपात, तासाला नंबरवार वाटायचे, रजिस्टरवर सही, तास संपला की मोजून परत. हवालदारसाहेब दारात उभे राहून बघत होते, म्हणाले "ये तो मॅडम का कोत हो गया." पलटणीत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. तेव्हापासून पूर्ण शाळेत पेटीचं नाव कोत पडलंय. नववीतला एक पोरगा रोज "मॅम, कोत खोलू का" म्हणून किल्ली मागायला येतो आणि कटर मोजताना एखादा कमी निघाला तर माझ्या आधी त्याचाच चेहरा पडतो.

कार्ट्रिज पेपर कोल्हापूरहून आला. अर्धा गठ्ठा कडेला ओला झालेला. पावसाळ्यात एसटी पार्सलचं हे असंच.

९ जुलै

आज बूट. स्थिरचित्राला मडकं-वांगं-कापड ठेवायचा कंटाळा आला होता आणि एवढ्या सरावाची वस्तू या मुलांकडे दुसरी नाही, रोज रात्री घासतात. प्रत्येकाने आपला एक बूट काढून समोर ठेवायचा.

पंधराएक मिनिटं गेली आणि वर्ग शांत. लेसची भोकं मोजून काढतायत, टाच एका बाजूने झिजलीय ती दिसतेय, चमकत्या टोकावर खिडकीचं प्रतिबिंब आहे हे एकाला दिसलं आणि त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. रोज ती चमक आणण्यासाठी हात दुखेपर्यंत घासतात पण चमक म्हणजे त्या काळ्यावर पडलेला खिडकीचा पांढरा तुकडा आहे हे आज पहिल्यांदा बघितलं, कारण कागदावर ती चमक काढायची तर काळं करून चालत नाही, पांढरं सोडावं लागतं.

काळा रंग संपला. आमच्याकडे पोस्टर कलरच्या बाटल्या मोजक्या. लातूरकडचा एक मुलगा उठला आणि पॉलिशची डबी घेऊन आला, बोटाने कागदावर लावायला लागला. मी म्हटलं लाव. मेणामुळे असा काळा येतो की चारकोलला जमणार नाही, आणि सुकल्यावर कपड्याने घासला की कागदावरचा बूटसुद्धा चमकतो! फक्त कागदाच्या मागून तेलाची पिवळी कड उमटते, दोन दिवसांनी ती पसरते, म्हणजे टिकाऊ नाही. मुलांना टिकण्याशी देणंघेणं नव्हतं. पुढचा पूर्ण तास खोलीत पॉलिशचा वास आणि सगळ्यांची बोटं काळी, आणि त्याच बोटांनी चारच्या गेम्सला गेले, त्यावरून रेक्टर सरांचा फोन आला. आला तर आला.

१५ जुलै

ग्रेड परीक्षेची मुलं वेगळी बसवून चारही पेपर घेऊन बघितले. अंदाज होता तसंच. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन, एक नंबर. सुबक, स्वच्छ, रेषा अशा की छापल्यात. नक्षीकाम पण ठीक, एकच फूल चार कोपऱ्यांत बसवायचं तर यांच्याइतकं समान कोण बसवणार. स्थिरचित्र सुधारतंय.

स्मरणचित्रात सगळे आडवे. विषय दिला बसस्टॉपवरचा पाऊस. तीच छत्री, तीच साडीतली बाई, तोच कुत्रा, गाईडमधला. सगळ्यांची माणसं एका रांगेत, एका उंचीची, समान अंतरावर. झाडंसुद्धा. बसस्टॉपवर कुणी असं उभं राहतं का हो.

२२ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

पाऊस उघडला होता म्हणून सातवीला मैदानामागच्या उतारावर नेलं, समोरची डोंगराची सोंड काढायला. तिथे हवालदारसाहेब आठवीचा फील्डक्राफ्ट, म्हणजे मैदानात लपणं आणि टेहळणी शिकवायचा तास, घेत होते. मी लांबून ऐकत होते. धडा होता "चीजें क्यों नजर आती हैं". कारणं सांगत होते, शेप, शॅडो, सिल्हूट, सरफेस, स्पेसिंग, मूव्हमेंट. एनसीसीत हा धडा सगळीकडे असतो म्हणे. मी जागेवरच थांबले. ही सहाच्या सहा कारणं म्हणजे माझा वर्षाचा अभ्यासक्रम की! शेप म्हणजे आकार, शॅडो म्हणजे छायाभेद, सरफेस म्हणजे पोत आणि चमक, स्पेसिंग म्हणजे रचना. फरक एवढाच की त्यांना वस्तू लपवायचीय आणि मला ती दाखवायचीय.

त्यांना म्हटलं हे सगळं माझ्या मुलांनाही सांगाल का. दोन्ही वर्ग एकत्र बसवले. त्यांनी एका मुलाला झुडपात पाठवलं आणि विचारलं कुठाय. दिसेना. मग त्याला उताराच्या माथ्यावर उभं केलं, आभाळाच्या पांढऱ्यावर काळा ठिपका, आंधळ्यालाही दिसेल. "इसीलिए स्कायलाइन पे कभी नहीं." मी लगेच म्हटलं, आता कागदावर हेच करा, डोंगराची कड आभाळाला जिथे भिडते तिथे सगळ्यात ठळक फरक, खाली उतारात तेवढा नाही. मग स्पेसिंग आलं. त्यांनी एका मुलाची वही उचलली, त्यात डोंगरावरची झाडं सारख्या अंतराने, सारख्या उंचीची. बघून म्हणाले, "ये क्या है, पेड़ों की परेड? कुदरत कभी फॉल इन नहीं होती. दुश्मन ऐसे ही पकड़ता है, जहाँ सब बराबर दिखा, समझो आदमी ने रखा है."

मी महिनाभर घसा कोरडा करून जे सांगत होते ते या एका वाक्यात झालं. मुलांनी खोडरबर काढले.

मग अंतर मोजणं. हात लांब करून एक डोळा मिटून पेन्सिलवर अंगठा सरकवत उंची मापायची, ही आमची जेजेतली, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातली पद्धत. त्यांची मुठीची, हात ताणून मूठ धरली की साधारण ८ अंश भरतात, दोन खुणांमधलं अंतर मुठीत सांगायचं. मुलांनी दोन्ही मिसळून टाकल्या. डोंगर "पाच मुठी रुंद", देवळाचा कळस "अर्धा नख". आज पहिल्यांदा कुणी पट्टी मागितली नाही.

३१ जुलै

कमांडंट सरांकडे लेखी मागणी दिली, आठवड्यातून एक फील्डक्राफ्ट आणि एक चित्रकलेचा तास जोडून द्या म्हणून. नुसतं मुलांना छान वाटतं वगैरे लिहून चालणार नव्हतं, म्हणून जरा इतिहास घातला.

फोटोग्राफी यायच्या आधी टेहळणी म्हणजे चित्रच होतं. समोरचा नदीकाठ, पूल, टेकड्या कागदावर उतरवता येत नसेल तर अधिकारी काय कामाचा. म्हणून इंग्लंडात वुलविचच्या मिलिटरी अकॅडमीत १७६८ पासून पॉल सँडबीसारखा नावाजलेला निसर्गचित्रकार ड्रॉइंग शिकवायला होता. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला रॉबर्ट वीअर १८३४ ते १८७६ चित्रकला शिकवत होते, त्यांच्या हाताखाली कॅडेट असताना ग्रँटने चित्रं काढली, तोच पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे चित्रकार म्हणून गाजलेला व्हिस्लर तिथलाच, ड्रॉइंगमध्ये पहिला आणि केमिस्ट्रीत नापास होऊन १८५४ मध्ये बाहेर. (हे शेवटचं अर्जात नाही टाकलं.) आणि आपल्या इथलं म्हणजे अजिंठा. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ पासून त्या लेण्यांत वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली त्यात बहुतेक जळाल्या, म्हणून मग १८७२ पासून जेजेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन परत त्याच कामाला लागले.

सरांनी वाचलं, म्हणाले इंटरेस्टिंग आहे, पण आता ड्रोन आहे मॅडम. मग मी तो ९०० चा आकडा काढला. एसएसबीत पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात, पुढे मानसशास्त्राच्या चाचणीत ११ चित्रं आणि बारावा कोरा कागद, प्रत्येकाला ४ मिनिटं. कोचिंगवाले मुलांना गोष्टी पाठ करून पाठवतात. चित्रात माणसं किती, कुणाचं तोंड कुणीकडे, उजेड कुठून, हे बघायची सवय कोण लावतं? सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले गुरुवारी देतो.

खरं सांगायचं तर एसएसबीसाठी चित्रकला शिकवणं मला मनातून पटत नाही. पण तास मिळाला.

१३ ऑगस्ट

भिंत. दोन आठवडे बाकी काही झालं नाही. बर्फातले जवान, झेंडा, मागे विमानं, वर ब्रीदवाक्य. नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, तो तसाच मोठा करायचा. चौकोन आखून मुलांनी मोठा केला, प्रायमर, अ‍ॅक्रिलिक, रोज संध्याकाळी प्रेपचा, म्हणजे अभ्यासाचा, वेळ कापून. पाऊस लागला की ताडपत्री. काम स्वच्छ झालं, फोटो छान येतील, येतायतच.

माझं मत, शाळेत चित्रकला म्हटली की पाहुणे येणार असले की आठवते. फलक रंगवा, स्वागताची रांगोळी, पुष्पगुच्छाचा कागद, नावाच्या पाट्या. चित्रकलेच्या खोलीला अख्ख्या संस्थेचं डेकोरेशन खातं करून ठेवलंय. हे फक्त सैनिकी शाळेतच नाही, पण इथे इन्स्पेक्शन आणि चीफ गेस्ट इतके की जास्त होतं. आणि ज्या मुलाचा हात चांगला तोच दरवेळी जुंपला जातो. आठवीतला एक अक्षरं फार सुंदर काढतो, त्याने या सत्रात स्वतःसाठी एक चित्र काढलेलं नाही, पाट्याच करतोय.

२१ ऑगस्ट

गुरुवारचा जोडतास. सँड मॉडेल. वाळूत डोंगर, ओढा, रस्ता करायचा आणि त्यावर ऑपरेशन समजावून द्यायचं. हिरवळीला, पाण्याला रंग म्हणून रांगोळीच वापरतात, हे मला माहीतच नव्हतं. मुलांनी चिमटीतून निळी रेघ सोडायचा प्रयत्न केला आणि ओढ्याचं तळं झालं. तेव्हा साताऱ्याकडचा एक लाजरा मुलगा पुढे आला आणि एका दमात सरळ बारीक धार सोडत गेला, वळणासकट. घरी आईबरोबर दिवाळीत काढतो म्हणाला. कुणी हसलं नाही, उलट पुढचे सगळे रस्ते त्यालाच दिले, आणि हवालदारसाहेबांनी त्याला ब्रीफिंगला उभं केलं.

२९ ऑगस्ट

वाईट दिवस. मुलांना छोट्या स्केचबुक दिल्या होत्या, कपाटात ठेवा, वाटेल तेव्हा काढा म्हणून. कपाट तपासणीत एका वहीत एका शिक्षकांचं व्यंगचित्र सापडलं. मुलाला शिक्षा म्हणून मैदानावर फ्रंट रोल म्हणजे कोलांट्या, वही परत आली ती पान फाडून.

मी ते चित्र आधी बघितलं होतं. ढोबळ नव्हतं. शिट्टी तोंडात असतानाही बोलायचा प्रयत्न करतात ते, तेव्हा एक गाल फुगतो, तो गाल बरोबर पकडला होता. वर्गातलं त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं निरीक्षण. शिस्तीचा मुद्दा मला कळतो, तीनशे मुलं एका छपराखाली ठेवायची तर मस्करीला हद्द लागते. पण बघायला शिकवायचं आणि मग फक्त डोंगर आणि बूटच बघ म्हणायचं, हे कसं जमणार? मोठी माणसंही दिसणारच ना.

रेक्टर सरांशी बोलले. तडजोड अशी की स्केचबुका आता चित्रकलेच्या खोलीत राहतील, कपाटात नाही, म्हणजे तपासणीत येणार नाहीत. समाधान नाही. रात्री लाइट्स आउटच्या आधी जी दहा मिनिटं मुलाला स्वतःची मिळतात, वही तेव्हा हाताशी हवी होती.

१२ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपवून मुलं आली. स्मरणचित्राला गाईड जप्त केलं. नवा नियम, जे स्वतः बघितलंय तेच काढायचं, आणि काढायच्या आधी शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, अगदी फील्डक्राफ्टमध्ये टार्गेट सांगतात तसं, समोर, थोडं उजवीकडे, लांब काय, जवळ काय. तोंडी सांगताना मुलं एकदम खरं बोलतात. "जवळ आमच्या काकांची पाठ, कारण मी त्यांच्या मागं बसलेलो. लांब गणपती, पण तो दिसत नव्हता, डोकीच डोकी." मग तेच काढ म्हटलं. पाठ आणि डोकी! गणपती नाही. इतकं चांगलं विसर्जनाचं चित्र मी परीक्षेच्या वयाच्या मुलाचं क्वचित बघितलंय, परीक्षक काय म्हणेल देव जाणे. त्याला सांगितलं परीक्षेत कोपऱ्यात मूर्तीचा मुकुट तेवढा दाखव, उगाच मार्क नकोत जायला.

२६ सप्टेंबर

ग्रेड परीक्षा झाली. सेंटर तालुक्याच्या हायस्कूलला, मुलं ट्रकमधनं गेली, बोर्ड मांडीवर. भूमितीला हसत बाहेर आली. स्मरणचित्राच्या पेपरला बाकीच्या शाळांची मुलं सुटली तरी आमची शेवटच्या घंटेपर्यंत बसली होती, एवढंच कळलंय. निकाल यायचा तेव्हा येईल.

३० सप्टेंबर

पुढच्या सत्राचं. माजी विद्यार्थ्यांची वर्गणी अजून एका सत्राला पुरेल असं त्यांनी कळवलंय, सरांचीही हरकत नाही. मी तीन गोष्टी लिहून दिल्यात. गुरुवारचा जोडतास वेळापत्रकात छापील हवा, तोंडी नको. पाट्या-फलकांचं काम आळीपाळीने सगळ्या इयत्तांना, त्या एका मुलाला नाही. आणि स्केचबुका परत होस्टेलमध्ये, त्या उघडायचा अधिकार फक्त माझ्याकडे. पहिल्या दोन मान्य, तिसरीवर "बघू". मी म्हटलं तिसरीचं होईपर्यंत २६ जानेवारीच्या भिंतीला हात लावणार नाही. सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

सामान : कार्ट्रिज पेपर संपत आलाय, या खेपेला पार्सल नको, स्वतः जाऊन आणणार. फोरबी पेन्सिली दोन डबे. पोस्टर कलर काळा सोडून सगळे, काळ्याला आमच्याकडे पॉलिश आहे. कोतातले कटर पूर्ण, रजिस्टर बंद करून किल्ली हवालदारसाहेबांकडे दिली.